योग्य वैद्य कोणता?



खेड्यापाड्यांतील उपदेशकांस व मंडळीतील वडील माणसांस जे प्रश्न वारंवार विचारले जातात, त्यांपैकी एक असा असतो की, "कंबर कित्येक महिने दुखते आहे, आता कोणाकडे जावे?" वरवर पाहता हा प्रश्न केवळ शरीराचा आहे असे वाटते, आणि ज्यास जे नाव आठवेल ते तो सांगून मोकळा होतो. परंतु थोडा विचार केला असता दिसून येईल की, या प्रश्नात सत्य, विश्वास व शेजारधर्म या तिन्ही गोष्टी गुंतलेल्या आहेत. कारण विचारणारा मनुष्य आपल्या शब्दावर भरवसा ठेवून घरातली पुंजी खर्च करणार असतो, आणि ज्याच्याकडे आपण त्यास पाठवू त्याच्या हाती तो आपला देह देणार असतो. यास्तव योग्य वैद्य कोणता, तो कसा ओळखावा, आणि तो शोधीत असता आजाऱ्याचे व त्याच्या शेजाऱ्यांचे कर्तव्य काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

उदाहरणाकरिता आपल्या दाभोळचाच विचार करू. वाशिष्ठी नदी जेथे समुद्रास मिळते तेथे हे जुने बंदर वसले आहे, आणि येथील बहुतेकांचा निर्वाह पाठीच्या बळावर चालतो. खलाशी ओले जाळे वाकून ओढतो. कोळीण मासळीची पाटी डोक्यावर घेऊन चढ चढते. आषाढात स्त्रिया गुडघाभर चिखलात दिवसभर ओणव्या राहून भाताची लावणी करितात. कोणी जांभ्याचे चिरे उचलतो, कोणी आंब्याच्या पेट्या वाहतो. अशा मुलखात पाठ म्हणजे घराचे आढे होय. ते वाकले की सगळे छप्पर खाली येते. शहरातल्या कारकुनाची कंबर दुखली तर तो रजा घेईल. खलाशाची दुखली तर त्या दिवशी चूल पेटेल की नाही याचीच पंचाईत पडते.

हे दुखणे थोड्या लोकांचे आहे असेही नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी डॉ. अरविंद चोप्रा व त्यांचे सहकारी यांनी १९९६ साली घरोघर जाऊन चौकशी आरंभिली. तेथील ४,०९२ प्रौढ स्त्रीपुरुषांपैकी ७४६ जणांस हाडे, सांधे किंवा स्नायू यांचे काही ना काही दुखणे असल्याचे आढळले. म्हणजे सुमारे साडेपाच माणसांमागे एक. सगळ्या जगाचा हिशेब पाहिला तर २०२० साली कंबरदुखीने पीडलेल्यांची संख्या ६१ कोटी ९० लाख होती, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा ज्याची पाठ दुखते त्याने आपण एकटेच या ओझ्याखाली आहो असे मानू नये.

तथापि या दुखण्यात एक विशेष कठीण गोष्ट आहे, ती ही की ते डोळ्यांस दिसत नाही. हात मोडला तर लोक फळी बांधलेली पाहतात. ताप आला तर अंगास हात लावून खात्री करितात. परंतु कंबर दुखते असे म्हणणाऱ्याचा केवळ शब्दच पुढे असतो. पहिला महिना लोक हळहळतात, दुसऱ्या महिन्यात गप्प बसतात, आणि तिसऱ्या महिन्यात "कामाचा कंटाळा" अशी कुजबूज सुरू होते. सून असेल तर हे बोल लवकर ऐकावे लागतात. मग आजारी मनुष्य दोन संकटांत सापडतो: एक दुखण्याचे, आणि दुसरे ते खरे आहे हे सिद्ध करण्याचे. या दुसऱ्या संकटामुळेच पुष्कळ जण चुकीच्या दारी जातात. कारण त्यांस औषध जितके हवे असते तितकेच एखादे मोठे नाव किंवा मोठी चिठ्ठी हवी असते, की जी दाखवून घरच्यांची तोंडे बंद करिता येतील.

अशा वेळी साधारणतः तीन वाटा धरल्या जातात. पहिली वाट जुन्या समजुतींची. उसण भरली म्हणजे पायाळू मनुष्याची लाथ कमरेस लागावी, अशी समजूत महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी आहे. कोणी बिब्बा घालतात, कोणी डाग देतात, कोणी देवऋषीकडे जाऊन कोणाची बाधा आहे ते विचारितात. साधी उसण बहुधा काही दिवसांत आपोआप बरी होते, आणि श्रेय मात्र लाथेस मिळते. परंतु कण्याच्या आत रोग असेल तर ती लाथ मनुष्यास जन्माचा पांगळा करू शकते. दुसरी वाट सुईची व पुड्यांची. दुखले की सुई घ्यावी, दोन दिवस बरे वाटावे, पुन्हा दुखावे, पुन्हा सुई घ्यावी. याप्रमाणे वर्षे जातात. वेदना शमविणारी औषधे महिनोन् महिने मनाने घेत राहिल्यास जठर व मूत्रपिंडे यांस अपाय होतो. ज्या पुडीवर औषधाचे नाव नाही, ती पुडी कितीही गुणकारी वाटली तरी हाती धरू नये. तिसरी वाट अगदी उलट दिशेची: कर्ज काढून, दागिना गहाण ठेवून, एकदम मुंबईतील सर्वांत प्रसिद्ध शल्यवैद्याकडे जावे, म्हणजे सर्वांत योग्य मनुष्य सापडला असे समजावे. या तिन्ही वाटा दिसण्यात भिन्न असल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे. दुखणे काय आहे हे समजण्याच्या आधी ते कोणीतरी एका घावात दूर करावे, अशी ती उतावीळ इच्छा होय.

येथे कित्येक भाविक बंधुभगिनी विचारतील की, वैद्य शोधीत फिरणे हे अविश्वासाचे लक्षण नव्हे काय? तर तसे नाही. लूक हा स्वतः वैद्य होता, आणि त्याने आपला धंदा टाकून द्यावा असे कोणी त्यास सांगितल्याचे शास्त्रात आढळत नाही. उलट बारा वर्षे पीडलेल्या त्या स्त्रीची गोष्ट मार्काने लिहिली आहे. तिने अनेक वैद्य केले, होते नव्हते ते खर्चिले, आणि तिचे दुखणे वाढतच गेले. या गोष्टीत वैद्यांकडे गेल्याबद्दल तिला दोष दिलेला नाही. परंतु अयोग्य हाती सापडलेल्या मनुष्याची काय दशा होते हे मात्र स्पष्ट सांगितले आहे. म्हणून प्रार्थना करावी, आणि वैद्यही विचारपूर्वक निवडावा. एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. योग्य वैद्य कोणास म्हणावे? पूर्वी या प्रश्नास फारसा वाव नव्हता. मिरजेस डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडले, तेव्हा डोळ्यांपासून पोटापर्यंतच्या सगळ्या शस्त्रक्रिया एकाच माणसाच्या हातून होत. आज विद्या इतकी वाढली आहे की, ती एका डोक्यात मावत नाही. म्हणून तिचे भाग पडले, आणि प्रत्येक भागाचा तज्ज्ञ निराळा झाला. हाडांचा एक, सांधेवाताचा दुसरा, मज्जातंतूंचा तिसरा, हालचाल व व्यायाम शिकविणारा चौथा. यामुळे लाभ झाला खरा, परंतु खेड्यातल्या माणसाचा गोंधळही वाढला. पाठ एक, आणि दारे अनेक.

या गोंधळात मार्ग दाखविणारा एक विचार फार प्राचीन आहे. ग्रीस देशातील हिप्पोक्रातेस याच्या नावाने जी वैद्यांची शपथ चालत आली आहे, तीत वैद्य असे वचन देतो की, मुतखडा झालेल्याही मनुष्यावर मी शस्त्र चालविणार नाही; ते काम ज्यांच्या सरावाचे आहे त्यांच्याकडे सोपवीन. तज्ज्ञाकडे पाठविण्याचा धर्म हा असा दोन हजार वर्षांहून जुना आहे. आपल्या देशात चरकसंहितेनेही वैद्यांचे दोन वर्ग केले आहेत: प्राणांचे रक्षण करणारे ते प्राणाभिसर, आणि वैद्याचे सोंग घेऊन रोगाचीच बाजू बळकट करणारे ते रोगाभिसर. दोन्ही ठिकाणचे तात्पर्य एकच दिसते. आपले ज्ञान कोठे संपते हे ज्यास ठाऊक आहे, आणि ते उघड बोलण्यास जो लाजत नाही, तोच भरवशाचा वैद्य होय.

खाडीच्या मुखाशी राहणाऱ्यांस हे समजाविण्याची गरज नाही. तांडेल कितीही जुना असला तरी अनोळखी खाडीत शिरताना तो तेथल्या माणसास विचारून घेतो, आणि जो विचारीत नाही त्याच्या होडीत शहाणा मनुष्य बसत नाही. वैद्याची परीक्षा अशीच करावी. तो तुमचे सगळे बोलणे ऐकून घेतो काय? पाठीस व पायांस हात लावून, वाकवून, चालवून तपासतो काय? की नजर वर न करिताच चिठ्ठी लिहितो? दुखण्याचे कारण तुमच्या भाषेत सांगतो काय? जे निश्चित ठाऊक नाही ते "ठाऊक नाही" म्हणतो काय? केव्हा परत यावे व कोणते लक्षण दिसल्यास धावत यावे हे सांगतो काय? दुसऱ्या वैद्याचे मत घेतो म्हटल्यास रागावतो की मान्य करितो? जो पहिल्याच दिवशी "पूर्ण बरा करितो" अशी हमी देतो, आणि जो "आज शस्त्रक्रिया न कराल तर उद्या लुळे व्हाल" असे न तपासताच भिववितो, त्या दोघांपासूनही सावध असावे.

परंतु कोणाकडे आधी जावे? याचे उत्तर असे की, तज्ज्ञ शोधण्याची पहिली पायरी तज्ज्ञ नव्हे. प्रथम जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांकडे जावे. दुखण्याचे नाव ठरविणे व योग्य दार दाखविणे हे त्यांचे काम आहे. तेथून पुढे दापोलीचे उपजिल्हा रुग्णालय, रत्नागिरीचे जिल्हा रुग्णालय, किंवा चिपळूण तालुक्यातील डेरवणचे वालावलकर रुग्णालय, असा मार्ग आहे. मुंबई ही शेवटची पायरी समजावी, पहिली नव्हे. कमरेचे नवे दुखणे बहुतेकांचे सहा आठवड्यांत पुष्कळ कमी होते. तीन महिन्यांहून अधिक टिकले म्हणजे त्यास जुनाट म्हणतात, आणि तेव्हा कारणाचा नीट शोध झालाच पाहिजे.

काही लक्षणे मात्र अशी आहेत की, ती दिसताच महिन्यांची वाट पाहू नये. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, बसण्याच्या जागी बधिरता येणे, पायांतली शक्ती कमी होत जाणे, यांपैकी काही झाल्यास त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. रात्र असली तरी गाठावे. ताप येणे, वजन घटणे, रात्री पडून राहिल्यानेही दुखणे न थांबणे, पूर्वी क्षय किंवा कर्करोग झालेला असणे, झाडावरून अगर होडीतून पडणे, अशा स्थितीतही विलंब न करिता तपासून घ्यावे. यांतील क्षयाची गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. क्षय केवळ छातीत होतो असे पुष्कळांस वाटते. परंतु तो कण्यातही होतो. इंग्लंडातील शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्यास त्यांचे नाव पडले. त्या काळी उपाय नव्हता, आज आहे. सरकारी दवाखान्यात औषधे विनामूल्य मिळतात, आणि ती सांगितलेले सर्व महिने न चुकता घेतल्यास बहुतेक रोगी बरे होतात. उशीर झाला तर कणा खचून पाय जातात. ज्याच्या कण्यात क्षय आहे त्याची कंबर चोळून घेणे म्हणजे जळत्या घराची भिंत सारवणे होय.

आता कोणत्या लक्षणास कोणते दार, ते थोडक्यात सांगतो. तरुण मनुष्याची पाठ सकाळी उठताच अर्ध्या तासाहून अधिक वेळ ताठ राहत असेल, कामास लागल्यावर बरे वाटत असेल आणि विश्रांतीने दुखणे वाढत असेल, तर हा कण्याचा सांधेवात असू शकतो; त्यास संधिवाततज्ज्ञ पाहिजे. हा रोग ओळखण्यात पुष्कळदा वर्षे फुकट जातात. कळ ढुंगणातून गुडघ्याखाली पायापर्यंत उतरत असेल व मुंग्या येत असतील, तर शीर दाबली गेली असण्याचा संभव आहे. त्याकरिता अस्थिरोगतज्ज्ञ किंवा कण्याचा शल्यवैद्य, आणि तेथेही पुष्कळ जण शस्त्रक्रियेवाचून बरे होतात. कुशीत कळा येऊन लघवीस जळजळ होत असेल तर मूत्रमार्गाचा विचार करावा. स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. त्या संकोचाने केवळ "कंबर दुखते" एवढेच म्हणतात, आणि खरे दुखणे गर्भाशयाचे असते. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचा वृत्तांत १९८९ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १०० तील ९२ स्त्रियांस स्त्रीरोग आढळला, आणि पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया १०० त केवळ ८ होत्या. यावरून लज्जेचे मोल किती द्यावे लागते ते दिसते. अशा वेळी मंडळीतील एखादी समंजस वडील बाई सोबत गेल्यास मोठे काम होते.

ही सर्व कारणे वगळली तरी रोग्यांचा सर्वांत मोठा समुदाय शिल्लक राहतो. त्यांच्या कण्यात कोणताही घातक रोग नसतो. स्नायू, सांधे, कामाची पद्धत, झोप व चिंता यांच्या मिश्रणाने दुखणे टिकून राहते. त्यांचा योग्य तज्ज्ञ बहुधा शस्त्र हाती घेणारा नसून, व्यायाम व हालचाल शिकविणारा फिजिओथेरपिस्ट असतो. हे ऐकून पुष्कळांची निराशा होते. इतक्या मोठ्या दुखण्यास एवढा साधा उपाय कसा, असे त्यांस वाटते. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुनाट कंबरदुखीविषयी जी सूचना प्रसिद्ध केली, तीत दुखण्याची नीट समजूत देणे व व्यायाम यांस महत्त्वाचे स्थान दिले आहे, आणि कंबरपट्टे व वजन लावून ओढणे यांची शिफारस केलेली नाही. दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहण्याचा लाभही सिद्ध झालेला नाही. अमेरिकेत १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही रोग्यांस दोन दिवस व काहींस सात दिवस विश्रांती सांगितली होती. दोन दिवसांचे लोक कामास लवकर लागले, आणि त्यांचे अधिक काही बिघडले नाही.

एमआरआयच्या चित्राविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. चित्रात "चकती सरकली" असे लिहून आले की मनुष्य हाय खातो. परंतु १९९४ साली अमेरिकेत ज्यांची पाठ मुळीच दुखत नव्हती अशा ९८ लोकांची चित्रे काढून पाहिली, तेव्हा १०० तील ५२ जणांच्या एखाद्या तरी चकतीस फुगवटा दिसला. म्हणजे चित्रातील फुगवटा हाच वेदनेचे कारण आहे असे नेहमी नसते. जो वैद्य चित्र व मनुष्य दोन्ही पाहतो तो योग्य. जो केवळ चित्रावर शस्त्रक्रिया ठरवितो त्याच्याविषयी दुसऱ्याचे मत अवश्य घ्यावे. शस्त्रक्रिया खरोखर आवश्यक ठरल्यास महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ती होईल काय, याची चौकशी कर्ज काढण्याच्या आधी करावी.

येथवर वैद्याच्या कर्तव्याचा विचार झाला. परंतु चरकाने उपचाराचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, शुश्रूषा करणारा, आणि स्वतः रोगी. रोग्याचेही चार गुण तेथे मोजले आहेत: झालेले स्मरणात ठेवणे, सांगितलेले करणे, न भिणे, आणि आपले दुखणे नीट समजावून सांगता येणे. या चारांपैकी एकही गुण पैशाने विकत मिळत नाही, आणि गरिबासही चारी मिळविता येतात. म्हणून वैद्याकडे जाण्याच्या आधी घरी बसून लिहून काढावे, किंवा लिहिता येणाऱ्याकडून काढवावे: दुखणे केव्हा सुरू झाले, कोणत्या कामाने वाढते, कशाने थांबते, रात्री कसे असते, आजवर कोणकोणती औषधे घेतली. जुन्या चिठ्ठ्या व चित्रे एका पिशवीत ठेवून बरोबर न्यावीत. देवऋषीकडे गेलो होतो, दारू घेतो, पुड्या खातो, हे लपवू नये. वैद्यापाशी अर्धे सत्य सांगून पूर्ण उपाय मागणे हे न्याय्य नाही.

यातूनच एक नैतिक प्रश्न उभा राहतो, तो हा की, वैद्य बदलणे योग्य की अयोग्य? काही जण एकास धरून वर्षानुवर्षे सोसतात, कारण सोडणे कृतघ्नपणा वाटतो. काही जण दर महिन्यास नवा वैद्य करितात. माझे मत असे आहे की, जो तपासत नाही, विचारू देत नाही, किंवा सांगितलेले सर्व करूनही गुण न आला तरी तेच औषध पुढे चालवितो, त्यास सोडण्यात काही दोष नाही. परंतु ज्याने "रोज व्यायाम करा, तंबाखू सोडा, वजन उतरवा, गुण हळूहळू येईल" असे खरे सांगितले, त्यास ते ऐकणे जड जाते म्हणून सोडणे, ही स्वतःची फसवणूक होय. मग आपण वैद्य शोधीत नाही. आपल्या मनासारखे बोलणारा मनुष्य शोधितो, आणि असा मनुष्य पैसे देणाऱ्यास नेहमीच सापडतो.

कोणी म्हणेल, "हे सर्व खरे, पण हातावर पोट असणाऱ्याने काय करावे? दापोलीस जाणे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणे, आणि व्यायाम सांगितला तरी लावणी कोण करील?" ही शंका खोटी नाही, आणि तिचे उत्तर रोग्याने एकट्याने द्यावयाचे नाही. येथे शेजारधर्म सुरू होतो. दुखणाऱ्यास कामचुकार म्हणणे प्रथम बंद करावे. कारण जो शब्द आपण तपासू शकत नाही तो खोटा मानण्याचा आपणास अधिकार नाही. पाटी दोघींनी वाटून घ्यावी. ओणव्याचे काम व उभ्याचे काम आलटून पालटून द्यावे. दवाखान्याच्या दिवशी कोणी मुले सांभाळावी, कोणी सोबत जावे. ज्या मंडळीत आजाऱ्याचा एक दिवस दहा घरांत वाटला जातो, तेथे कोणाचा दागिना गहाण पडत नाही.

तज्ज्ञानेच खेड्याकडे यावे असेही घडू शकते. गडचिरोलीत बंग दांपत्याने १९८६ साली सुरू केलेल्या 'सर्च' या संस्थेच्या रुग्णालयात मुंबईचे कण्याचे शल्यवैद्य डॉ. शेखर भोजराज व त्यांचे सहकारी येऊन आदिवासी रोग्यांस तपासू लागले, व तेथेच शस्त्रक्रियाही करू लागले. ज्या लोकांनी मुंबई कधी पाहिली नव्हती त्यांस मुंबईचा वैद्य आपल्या रानात भेटला. लोकांचे दुखणे काय हे कोणीतरी विचारिले आणि ते खरे मानिले, म्हणून हे झाले. आपल्या तालुक्यात असे शिबिर भरले तर उपदेशकाने त्याची वार्ता प्रत्येक वाडीत पोहोचवावी. भरत नसेल तर मागणी करावी.

शेवटी सर्वांत कठीण गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून लेख पुरा होणार नाही. योग्य तज्ज्ञ सापडूनही कित्येकांचे दुखणे समूळ जात नाही. तेव्हा खरा वैद्य असे सांगतो की, "दुखणे थोडे राहील, परंतु तुम्ही चालाल, काम कराल, मुलास उचलून घ्याल." हे लहान सत्य पत्करावे, की मोठे खोटे विकत घ्यावे? वेल्लोरच्या डॉ. मेरी व्हर्गीस यांचे चरित्र येथे आठवते. १९५४ साली मोटारीच्या अपघातात त्यांचा कणा दुखावून कमरेखालचे शरीर लुळे पडले. पाय परत येतील असे त्यांस कोणी खोटे सांगितले नाही. त्या चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करू लागल्या, पुढे पुनर्वसनाची विद्या शिकून आल्या, आणि १९६६ साली वेल्लोरास पंगू झालेल्यांकरिता जे पुनर्वसन केंद्र उघडले त्याच्या त्या आधार झाल्या. १९७२ साली सरकारने त्यांस पद्मश्री दिली. त्यांच्या दुखण्यास उपाय नव्हता, परंतु त्यांच्या आयुष्यास होता. आणि तो खऱ्या शब्दावर उभा राहिला.

म्हणून, उपदेशक बंधूंनो, पुढल्या वेळी कोणी दारी येऊन "कोणाकडे जावे?" असे विचारील, तेव्हा घाईने नाव सांगू नका. आधी त्यास बसवा, किती दिवस झाले व काय काय होते ते ऐका. धोक्याची लक्षणे विचारा. जवळच्या डॉक्टरांकडे पाठवा, आणि शक्य तर सोबत जा. जे तुम्हांस ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे म्हणा. आपण वैद्यापाशी जो प्रामाणिकपणा मागतो, तो सल्ला देणाऱ्याने प्रथम आपल्या ठायी ठेविला पाहिजे.